सिंह भिजत घातलाय

सिंहाचा मुखवटा खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत भिजत घालायचा, हा पेंटरचा नियम. बाकीचे मुखवटे, म्हणजे माझा रेडा, कोल्हा, माकडं, ससा, हे गोणीत भरून माळ्यावर जायचे आणि पुढच्या वर्षी रंगाचा एक हात मारून परत निघायचे. सिंहाला माफी नाही. रद्दी पेपर आणि मेथीची खळ, त्याचाच बनवलेला तो. पाण्यात पडला की आधी नाक बसायचं, मग गाल सुटायचे, आणि संध्याकाळपर्यंत बादलीत नुसता लगदा. त्याच लगद्यातून पेंटर पुढच्या वर्षी बकरी नाहीतर कासव करायचा.

"सिंहाचं तोंड घरात ठेवू नये," तो म्हणायचा. "आत माणूस नसला तरी ते बघत राहतं."

हे बोलणारा माणूस आणि पुढे जे झालं ते करणारा माणूस एकच, हे मला अजून पटत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढे फिटर म्हणून कंपनीत आयुष्य काढलं, साहेबांना तोंडावर बोललो, मान कुणापुढे वाकवली नाही. माणूस समोर आला की आतबाहेर कळतो मला, असा माझा समज होता. पेंटरने तो समज पार मोडून टाकला.

डोंबिवलीशेजारी कोपरला, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत आमची बिल्डिंग. निम्मी माणसं कोकणातली, निम्मी माझ्यासारखी देशावरची. सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा, आणि संध्याकाळी अंगणात खेळ. दुसरीकडे ऑर्केस्ट्रा आणतात, आमच्याकडे जनावरांचा खेळ व्हायचा, कारण आमच्याकडे पेंटर होता.

तो वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. दुकानांचे बोर्ड रंगवणं हा धंदा. डोंबिवलीत एके काळी डेअरी, सलून, पिठाची गिरणी, सगळ्यांवर त्याचा हात फिरलेला. त्याची एक खोड होती. प्रत्येक बोर्डात कुठेतरी एक जनावर लपवायचं. मालकाला कळता कामा नये. एका सोनाराच्या बोर्डावर मंगळसूत्राच्या वाट्यांत दोन उंदीर होते. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बोर्डावर त्याच्या मिशीत सरडा बसवलेला, आणि पुढाऱ्याने स्वतः हार घालून पेंटरचा सत्कार केलेला. मी विचारलं, "अरे कळलं असतं तर?" तर म्हणाला, "मोठा माणूस स्वतःचा फोटो बघताना फक्त डोळे बघतो."

मग फ्लेक्स आले आणि धंदा बसला. पण तो कुरकुरला नाही. दुपारी जिन्यात बसून कावळ्यांना पोळी घालायचा आणि त्यांच्याशी तावातावाने भांडायचा. खुर्चीवर कधी बसला नाही. रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायचा. लग्नाला गेला तरी हातात डबा. म्हणायचा, "खुर्चीला पाठ असते. पाठ टेकली की माणूस उठत नाही."

कुणाला नावाने हाक मारली नाही त्याने. मी रेडेसाहेब. बँकेतला जोशी कोल्होबा. आणि काहीही विचारा, उत्तरात गोष्ट. "पेंटर, आज पाणी का नाय आलं?" "ऐका. एक जंगल होतं." झालं. शहाणी माणसं तिथूनच पळ काढायची. गॅसवाला मात्र एकदा खांद्यावर सिलेंडर तसाच ठेवून लांडग्याची अख्खी गोष्ट ऐकत उभा राहिला. शेवटी विचारतो, "फिर भेडिये का क्या हुआ?" पेंटर म्हणाला, "वो आपके गोदाम में मॅनेजर है." गॅसवाला इतका हसला की सिलेंडर माझ्या पायावर येता येता राहिला.

आता आक्काचं सांगतो. ती आली नाही तर पुढचं कळणार नाही.

आक्का जिन्याखालच्या खोलीत राहते. तिचा नवरा बिल्डिंगचा पंप चालवायचा, गेटवर बसायचा. तेव्हाच्या जुन्या लोकांनी त्याला ती खोली तोंडी दिली. तो वारला, आक्का राहिली. साड्यांना फॉल-पिको करते. आमच्या खेळातली एकूण एक शेपूट आक्काच्या हातची. जुन्या साडीचा काठ, आत चिंध्या, टोकाला गोंडा. माझ्या शेपटीला तिने काळी लोकर लावलेली. म्हणाली, "भावजी, रेड्याची शेपूट मागं-पुढं हलली पायजे. तुमचं तोंड हलत नाय, निदान ती तरी हलू दे."

आमचा जुना अध्यक्ष तळमजल्यावरचा. पंपाची चावी करगोट्याला बांधून फिरायचा. पाणी आधी त्याच्या मजल्याला, मग राहिलं तर बाकीच्यांना. त्यात बिल्डिंग पाडून टॉवर बांधायची बोलणी सुरू झाली. बिल्डरचा माणूस यायचा, अध्यक्षाच्या घरात दार लावून बसायचा. एक दिवस अध्यक्षाने जिन्यात उभं राहून सांगून टाकलं, "आक्का, तुमची खोली नकाशात नाही. नवीन बिल्डिंगमध्ये तुमचं काही नाही. सोय बघा." आक्काच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढून ठेवल्या आणि विचारलं, "मग मी हितं इतकी वर्षं कशात राहिले?"

त्या वर्षी पेंटरने पाणवठ्याचा खेळ लिहिला. सिंह पाणवठ्यावर बसलाय. ज्याला पाणी हवं त्याने आधी त्याचे पंजे चाटायचे. आणि खारीला तर पाणीच नाही, कारण तिचं बीळ वडाच्या मुळाखाली, ते घर धरायचं नाही असा सिंहाचा हुकूम. शेवटी सगळी जनावरं मिळून सिंहाला हाकलतात.

मला वाचून पाठ होत नाही. पेंटर डब्यावर ताल धरून एकेक वाक्य म्हणायचा, मी त्याच्यामागून म्हणायचो. असं कानातून आत गेलं की माझ्यातून जात नाही. शेवटचं वाक्य माझं होतं. रेडा पुढे येतो आणि म्हणतो, "पाणवठा कुणाच्या बापाचा नाही. जिचं घर सगळ्यात लहान, तिची ओंजळ पहिली."

सिंह कुणी व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं, हाही पेंटरचाच नियम. एकदा झालेल्याला परत नाही. त्या वर्षी चिठ्ठी कोल्होबा जोशींना निघाली. त्यांनी कमरेला एक चावी बांधून एंट्री घेतली आणि अख्खं अंगण हसून फुटलं. जुना अध्यक्ष पहिल्या रांगेत, कपाळाला पूजेचं गंध. आधी तोही हसला. मग आजूबाजूला बघून थांबला. मी शेवटचं वाक्य म्हटलं तेव्हा बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

पुढच्या मीटिंगला अध्यक्षाला उतरवला. गच्चीवर मीटिंग, एवढी माणसं कधी आली नव्हती. पेंटर डब्यावर उभा राहिला. "जिन्याखालच्या खोलीसकट!" तो ओरडला. "एक खोली वगळली तर एकाचीही सही नाही!" मी ओरडलो, "पेंटर अध्यक्ष!" तो नको नको म्हणत होता. आक्काने त्याच्या तोंडात साखर घातली. खाली उतरून त्याने काय केलं, तर पंपाची चावी आक्काच्या दाराबाहेर खिळ्याला लावली. "ज्याला तहान त्याने पंप लावा." मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, असा माणूस बघायला मिळाला, आता डोळे मिटले तरी चालेल. बायको म्हणाली, "आधी पाणी भरा, मग मिटा."

त्या साली सिंह भिजत घातला नाही. मी बादली घेऊन उभा होतो. पेंटर म्हणाला, "राहू दे यंदा. ह्याने इतिहास घडवलाय." मला राग नाही आला. खरं तर बरंच वाटलं. मुखवटा सोसायटीच्या ऑफिसात खिळ्याला टांगला.

काही दिवसांनी चावी आक्काच्या दारावरून ऑफिसात गेली. विचारलं तर म्हणाला, "म्हातारीला ऊठबस होते रे." तेही खरं होतं. मग डब्यावर गादी आली. मूळव्याधीमुळे, असं कळलं. माझ्या वयाच्या माणसाने मूळव्याधीला काय बोलायचं? मग ऑफिसबाहेर बोर्ड लागला, त्याच्या नावाचा, खाली अध्यक्ष. त्याच्याच हाताने रंगवलेला, झकास अक्षर. मी चष्मा लावून त्या बोर्डाचा कोपरा न् कोपरा तपासला. उंदीर नाही, सरडा नाही, मुंगीसुद्धा नाही.

गोष्टी चालूच होत्या, पण शेवट वेगळे व्हायला लागले. कुणी विचारलं, बिल्डरशी काय बोलणं झालं, की, "ऐका. एक जंगल होतं." त्यात सिंह वाईट नसायचा. त्याला सल्ला वाईट मिळालेला असायचा. कुठे वानरं फार किचकिच करायची म्हणून पाऊस थांबायचा. मी म्हटलं, "पेंटर, ही गोष्ट अशी नव्हती." तर प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रेडेसाहेब, तुम्ही तेव्हा अर्धीच ऐकलीत."

एकदा मी सरळच विचारलं. ऑफिसात बिल्डरचा माणूस बसलेला, चहा चाललेला. आक्का दारात उभी.

"आक्काच्या खोलीचं काय ठरलं?"

पेंटरने डोळे मिटले. "प्रश्न नाजूक आहे. खार ही प्राण्यांत मोजायची की झाडात, हे आधी ठरवावं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे जिना सगळ्यांचा. जिन्याखालचं ते जिन्याचंच. जिन्याला कुणी फ्लॅट देतं का?"

बिल्डरचा माणूस हसला. पेंटर हसला नाही, अगदी मनापासून विचारात पडल्यासारखा दिसत होता. जुन्या अध्यक्षानेसुद्धा आक्काला माणसांत धरलेलं, सोय बघा म्हणालेला. ह्याने तिला लाकूड करून टाकलं.

जिन्यात मी आक्काला म्हटलं, "डोकं फिरलंय त्याचं. मी बोलतो."

"डोकं नाय फिरलं," आक्का म्हणाली. "मान फिरलीय. आता वळायची नाय."

पुढची पूजा आली. माळ्यावरून गोण्या निघाल्या. ऑफिसातला कागदाचा सिंह पावसाळ्यात ओल लागून वाकडा झालेला, तो कधीच कचऱ्यात गेलेला. नवीन सिंह घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा डेकोरेटरकडून गाडीने आला. बिल्डरची भेट. चकचकीत, दात पांढरे शुभ्र, आयाळ केसांची. पोरं बघत राहिली. चिठ्ठ्या टाकायला मी डबा पुढे केला तर पेंटर म्हणाला, "यंदा मी होतो सिंह. सगळ्यांचा आग्रह आहे." मी सगळ्यांकडे बघितलं. सगळे मुखवट्यांकडे बघत होते.

खेळ तोच, पाणवठ्याचा. शेवट नवा. सिंहाला हाकलत नाहीत. खार स्वतःच पुढे येते, जंगलाच्या भल्यासाठी मी माझं बीळ सोडते म्हणते, आणि सगळे रडतात. माझं नवं वाक्य होतं, "खारूताई, तुझा त्याग जंगल विसरणार नाही." पेंटर डब्यावर ताल धरून म्हणत राहिला. मी तोंड उघडलं नाही.

"रेडेसाहेब, म्हणा."

"मला एकदा पाठ झालं की बदलत नाही."

"प्रयत्न करा."

"नाही."

तो हसला. "स्टेजवर म्हणाल. तुम्हाला मी ओळखतो."

आणि आक्का? आक्काने सगळ्या शेपट्या शिवून दिल्या. खारीची झुपकेदार, सिंहाची लांब, बदामी रंगाची. मी चिडून म्हटलं, "त्याची कशाला शिवलीस?" म्हणाली, "शिवायचं काम माझं. त्यात मी कधी भेद केला नाय."

खेळाच्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बिल्डरची माणसं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने खारीचं काम इतकं गोड केलं की बायका पदराने डोळे पुसत होत्या. ज्या बाईचं घर जाणार होतं ती शेवटच्या रांगेत बसलेली, आणि तिच्या घराच्या जाण्यावर तिच्याच शेजारणी रडत होत्या, मागे वळून न बघता.

माझी पाळी आली. मुखवट्याच्या आत अंधार असतो, डोळ्यांच्या भोकातून तेवढं दिसतं. मला समोर फक्त तो सिंह दिसत होता. मी पुढे गेलो आणि जे पाठ होतं ते म्हटलं. "पाणवठा कुणाच्या बापाचा नाही. जिचं घर सगळ्यात लहान, तिची ओंजळ पहिली."

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. गेल्या वर्षी ह्याच वाक्याला बायका उठून उभ्या राहिलेल्या, हीच माणसं होती.

सिंहाच्या आतून पेंटरचा आवाज आला, शांत, गोष्ट सांगतानाचा. "रेडा आजारी आहे. उन्हात फार राबला बिचारा. ह्याला आत न्या, पाणी पाजा."

आणि अंगण हसलं. मोठ्याने. टाळ्यासुद्धा पडल्या, त्याच्या वाक्याला. दोन माकडं आली, आमच्याच बिल्डिंगमधली, आणि त्यांनी मला शिंगांना धरून नेलं. मी कंपनीच्या संपात लाठ्या खाल्ल्यात. तेव्हाही कुणी मला असं ओढत नेलं नव्हतं.

तेवढ्यात आक्का उठली. हातात कात्री. रांगांमधून वाट काढत थेट स्टेजवर.

"आक्का, काय हे?" सिंह म्हणाला.

"माझी शेपूट द्या."

"खेळ चाललाय."

"चालू द्या तुमचा. कापड माझ्या साडीचं हाय. लग्नातली साडी." आणि कचकन कात्री चालवून शेपूट कापून घेतली. घडी घालून कमरेला खोचली. खाली उतरताना म्हणाली, "आता बसा पाणवठ्यावर. माश्या आल्या तर हातानं हाका."

कुणी हसलं नाही. खेळ पुढे चालला म्हणे. मी बघायला थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. पेंटर कावळ्यांना पोळी घालत होता, भांडत नव्हता. मला वाटलं, शरमेल. नाहीतर दरडावेल. काहीच नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"रेडेसाहेब, तुम्ही मला दुखावलंत."

"मी?"

"मी खोटं काय बोललो सांगा. पाणवठ्यावर कुणीतरी बसावं लागतं हो. नाही बसलं तर सगळे गाळ करून टाकतात. हे आधी मला कळत नव्हतं. बसल्यावर कळलं."

"आणि खार?"

"तिचं मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "फार वाईट वाटतं. म्हणून तर तिला एवढा मोठा सीन दिला."

तो थापा मारत असता तर मला सोपं गेलं असतं. शिव्या घातल्या असत्या, मोकळा झालो असतो. पण त्याला ते सगळं खरंच वाटत होतं. मी जिना उतरलो.

मग सह्या झाल्या. एक खोली वगळून. एकेक बिऱ्हाड हललं, कुणी विठ्ठलवाडीला, कुणी कल्याणला भाड्याने. पेंटरला बिल्डरने घोडबंदर रोडला टॉवरमध्ये जागा दिली, तात्पुरती. टेम्पोत सामान भरताना त्याचा डबा मला दिसला नाही. जाताना हात जोडून म्हणाला, "रेडेसाहेब, हट्ट सोडा. नव्या घरात भेटू."

मी सही केलेली नाही. वकील म्हणतो, बाकीच्यांच्या सह्या पुरतात. पुरू देत. मी घर सोडत नाही तोवर मला खाली उतरायला जिना लागणार. आणि जिना आहे तोवर जिन्याखालची खोली आहे. हे मला चौथीच्या शिक्षणात कळतं, वकिलाला कसं कळत नाही?

ऑफिस रिकामं झालं तेव्हा तो नवा सिंह तिथेच खिळ्याला राहिलेला. न्यायचा विसरला की नको होता, देव जाणे. मी तो उतरवला. आक्का म्हणाली, "बादली आणू?" तिनेच नळाखाली भरून आणली. जुना नियम, म्हटलं, पेंटरने मोडला तर आपण पाळू. मी त्याचं तोंड खाली करून पाण्यात दाबलं आणि वर दगड ठेवला.

सकाळी उतरून बघतो तर दगड बाजूला आणि सिंह वर तरंगतोय. नाक जागच्या जागी, गाल तसेच, दात पांढरे. मी टिचकी मारून बघितली. टक् टक् वाजला.

"कागदाचा नाय हो भावजी," आक्का म्हणाली. "फायबरचा हाय. हा नाय भिजायचा."

"भिजेल," मी म्हटलं. "पाणी बदल."

बादली अजून जिन्याखाली आहे, आक्काच्या मशीनशेजारी. गेटबाहेर पाडकामाचं मशीन येऊन उभं राहिलंय. रोज सकाळी मी जिना उतरतो, आक्का पाणी बदलते, आणि मी सिंहाच्या नाकावर अंगठा दाबून बघतो, मऊ झालंय का.